जुन्या नाण्याची पारख

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत, पेटीच्या तळाशीं किंवा आजीच्या माळेंत, एखादें जुनें नाणें असतें. कधीं त्याला भोंक असतें, कधीं त्याची कड एका जागीं बुजलेली असते, तर कधीं त्यावरील अक्षरें अर्धींच उमटलेलीं असतात. असें नाणें हातीं येतांच बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “याचे किती पैसे येतील?” माझ्या मतें हा प्रश्न अगदीं शेवटचा आहे. पहिला प्रश्न हा कीं, तें असें कां दिसतें? त्याचें वेगळेपण टाकसाळींत निर्माण झालें, कीं लोकांच्या हातांत?

भोंकाचेंच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धांत तांब्याची टंचाई पडली, तेव्हां सरकारनें १९४३ पासून मधोमध भोंक असलेला पैसा काढला. १९४७ पर्यंत तो पाडला जात होता. त्याचें भोंक मोठें, वाटोळें व नेमकें मध्यभागीं असतें. परंतु राणीच्या रुपयाला कडेजवळ बारीक व ओबडधोबड भोंक असेल, तर तें टाकसाळीचें काम नव्हे. तें दोरा ओवण्यासाठीं पाडलेलें असतें. आपल्याकडील गोंड व माडिया स्त्रिया नाण्यांच्या माळा घालीत आल्या आहेत. कित्येक नाण्यांना भोंक न पाडतां वर कडी डाखीत. ती कडी निघाली कीं तेवढ्याच जागीं कडेचे दाते बुजलेले दिसतात.

अर्धवट अक्षरांचें कारण निराळें आहे. भोंसल्यांच्या अमदानींतील नाणीं हातोड्याच्या घावानें पाडीत. ठसा मोठा व धातूची चकती लहान, यामुळें मजकुराचा कांहीं भागच चकतीवर उतरे. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, तरी त्या वेळचीं नाणीं अद्याप कोठें कोठें आढळतात. त्यांतील तुटकीं अक्षरें पाहून कोणी तीं खोटीं समजूं नयेत.

टाकसाळीच्या हातूनहि प्रमाद होतात. १९११ सालच्या पंचम जॉर्ज बादशहांच्या रुपयावर, त्यांच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली कीं, लोकांस तें डुक्कर वाटलें व असंतोष माजला. सुमारें ९४ लक्ष रुपये पाडले होते; त्यांपैकीं सुमारें ७ लक्षच बाहेर पडले होते, तोंच तो छाप थांबविण्यांत आला व १९१२ पासून सोंड लांब केली गेली. उलट १८६२ साल घातलेला रुपया पाहून हुरळूं नये; १८७४ साल छापावयास लागेपर्यंत तेंच साल वर्षानुवर्षें रुपयांवर घालीत असत.

डोळ्यांनंतर तराजू घ्यावा. जुना रुपया म्हणजे एक तोळा, अर्थात् सुमारें ११.६६ ग्रॅम. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्मी झाली. १९४७ सालचा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक ओढतो, चांदीला ओढीत नाहीं.

ही पारख केवळ करमणुकीची नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, १८१८ साल व राम, सीता, लक्ष्मण यांचें चित्र असलेलें नाणें लक्षावधि रुपयांचें आहे, तें तांदूळ ओढतें, अशा थापा देऊन देशांत ठिकठिकाणीं भोळ्या माणसांस लुबाडण्यांत आलें आहे. कंपनीनें असलें चलन कधींच काढलें नव्हतें. तांब्याच्या अंगीं तांदूळ ओढण्याचा गुण नाहीं. तांदुळाला लोखंडाची पूड लावून जवळ लोहचुंबक धरला, म्हणजे तो हलणारच! जो शाळेंत हें शिकला, त्यानें तें घरीं व बाजारांत सांगितलें पाहिजे.

दुसरी हानि यापेक्षां मुकी आहे. ज्या गांवीं पेढी नव्हती, तेथें गळ्यांतील रुपये हीच बाईची शिल्लक होती. दुष्काळांत वा आजारांत त्यांतला एखादा रुपया निघे. आज तीच माळ चांदीच्या वजनावर मोडली जाते, किंवा चिंचेनें व राखेनें घासून तिच्यावरील सर्व खुणा पुसल्या जातात. आपल्या प्रभूनें नाणें पुढें आणावयास सांगून, ही मुद्रा कोणाची, असें विचारलें होतें. त्या विधवेच्या दोन दमड्यांचें मोल मात्र त्यानें मुद्रेवरून ठरविलें नाहीं, देणाऱ्या हातावरून ठरविलें. आपणहि राजाचें मुख पाहून झाल्यावर त्या कडेच्या भोंकाकडे पाहावें.

म्हणून माझी सूचना इतकीच आहे. सुटींत घरीं गेल्यावर प्रत्येकानें आपल्या घरचें एक नाणें पाहावें. तें घासूं नये, विकूं नये. त्याचें साल, वजन, कड व भोंक हीं वहींत टिपावीं आणि तें कोणीं, केव्हां व कशासाठीं ओविलें, हें वडील माणसांस विचारून तेंहि खालीं लिहावें. जमिनींत पुरलेलें नाणें सांपडल्यास मात्र तें घरीं ठेवूं नये; १८७८ च्या कायद्याप्रमाणें, दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या अशा ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. नाण्याचें साल नाण्यावरच लिहिलेलें असतें व तें उद्यांहि वाचतां येईल. भोंकाची हकीकत मात्र आजीलाच ठाऊक आहे; ती आजच विचारून घ्यावी.