अभियान घरातही चालू असते

2009 या एकाच वर्षात गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यावर दोन मोठे आघात झाले. 1 फेब्रुवारीला मरकेगावला 15 आणि 21 मे रोजी हत्तीगोट्याला 16 पोलीस माओवाद्यांच्या हल्ल्यात शहीद झाले. हत्तीगोट्याच्या 16 जणांत पाच महिला पोलीस होत्या. मार्च 2012 मध्ये याच तालुक्यात पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस भूसुरुंगात सापडली आणि 12 जवान गेले. शहिदांच्या घरांना नुकसानभरपाई आणि अनुकंपा नोकरीची तरतूद आहे, आणि ती असायलाच हवी. पण ज्यांचा माणूस त्या दिवशी जिवंत परतला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जंगलात गेला, त्या घरांची विचारपूस करायची पद्धतच आपल्याकडे पडलेली नाही.

1990 मध्ये उभ्या राहिलेल्या गडचिरोली पोलिसांच्या सी-60 या माओवादविरोधी पथकात बहुतेक जवान याच जिल्ह्यातले आहेत. अभियानावर निघताना कुठे चाललो हे घरी सांगता येत नाही, फोन लागत नाही, परतीचा दिवस ठरलेला नसतो. मग मोबाइलवर बातमी येते: ‘चकमक सुरू’. नावे कळेपर्यंत पोलीस वसाहतीतले प्रत्येक घर ती बातमी आपलीच समजून बसलेले असते. त्या वेळी स्वयंपाक, मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची औषधे हे सगळे एकटी बाई ओढते. नातलगांना धोका नको म्हणून अनेक पोलीस कुटुंबांना गाव सोडून गडचिरोलीत राहावे लागले, त्यामुळे हाकेला धावून येणारे गणगोतही दुरावले. धानोऱ्यात तळ असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या 113 बटालियनमधल्या जवानांची घरे तर परराज्यांत आहेत. तिथल्या आईला ग्यारापत्ती कुठे आणि मुरूमगाव कुठे, हेही ठाऊक नसते.

अशा बाईला आपण ‘खंबीर राहा’ एवढेच सांगतो. झोप उडाली, मूल दचकून उठू लागले, सुट्टीवर आलेला नवरा घरात असून गप्प राहू लागला, तरी तिने बोलायचे कोणाशी? साहेबांच्या कानावर गेले तर नवऱ्याच्या नोकरीवर डाग पडेल, या भीतीने ती गप्प बसते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला आहे. वसाहतीतल्या बाईपर्यंत तो कोणी पोचवायचा?

आता नक्षलवाद संपत आला, मग हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपतीने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, त्याच वर्षी काटेझरी गावात पहिल्यांदा एसटी पोचली. हे मोठेच यश आहे. पण बंदुका थांबल्या की मनातली धास्ती त्याच दिवशी थांबत नाही. दोन-तीन दशके साचलेला ताण सवड मिळाल्यावरच वर येतो. म्हणून कामाची खरी वेळ हीच आहे.

उपाय आवाक्यातले आहेत. अभियान सुरू असताना कुटुंबांना माहिती देणारी एक ठरलेली व्यक्ती असावी, आणि जखमी किंवा शहीद जवानाच्या घरी अधिकारी पोचण्याआधी नाव बाहेर फुटू नये. गडचिरोलीच्या पोलीस वसाहतीत आणि धानोऱ्यात गोंडी व मराठी जाणणाऱ्या, वर्दीबाहेरच्या समुपदेशक नेमाव्यात. त्यांच्याकडचा कागद पोलीस खात्याच्या टेबलावर जाता कामा नये. जवान परतला की सलग रजा मिळावी. परराज्यातल्या कुटुंबांना 14416 हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक पोस्टिंगच्या आदेशासोबतच कळवावा.

मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत, ही सबब धानोरा तालुक्यात तरी चालणार नाही. इथल्याच चातगावच्या शोधग्राममधून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याची नोंद घेतली. पुढे गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्रशिक्षित सामान्य माणसांकरवी नैराश्याच्या रुग्णांना मदत करता येते, हे सरकारी आरोग्य केंद्रांत सिद्ध केले. पोलीस वसाहतीतल्याच समजूतदार बायांना असे शिक्षण देता येईल. जे त्यांनी स्वतः सोसले आहे, ते त्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

जवानाला जंगलात पाठवण्याचा आदेश शासन काढते. त्या आदेशाबरोबर त्याच्या घराची जबाबदारीही शासनावर येते, आणि ती तो जिवंत असतानाच पार पाडायची असते. गृह आणि आरोग्य या दोन खात्यांनी एकत्र बसून गडचिरोलीपासून ही व्यवस्था सुरू करावी.