ब्रेसिंग मधोमध हवे

नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर चढला होता आणि 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. ही हवेची नोंद; उन्हातला पत्रा आणि त्याला टेकलेल्या पर्लिन याहून पुष्कळ तापतात. तरीही बुटीबोरी, हिंगण्याच्या लांबलचक शेडचे डिझाइन करताना वाऱ्याचा हिशेब चोख होतो आणि उन्हाचा राहून जातो.

पुलाच्या कामात असे घडत नाही. गड्डीगोदामला रेल्वेमार्गावर 2022 मध्ये 80 मीटरचा, सुमारे 1,650 टनांचा पोलादी गर्डर चढवला गेला. एवढ्या लांबीचे पोलाद 40 अंशांच्या फरकाने 38 मिलिमीटर वाढते. म्हणून पुलाचा डिझायनर बेअरिंग ठरवतानाच गर्डरला सरकायला वाव ठेवतो. शेडमध्ये हा वाव ब्रेसिंगच्या जागेवर अवलंबून असतो.

आयएस 800 मधला 180 मीटरचा आकडा आपल्या सर्वांना पाठ आहे. त्याची अट मात्र विसरली जाते: उभे ब्रेसिंग मध्यभागी असेल, तरच बंदिस्त शेडला ही लांबी चालते. उघड्या गँट्रीला मर्यादा 120 मीटरची. ब्रेसिंगचे दोन बे घेतले, तर त्यांच्यातले अंतर अनुक्रमे 50 आणि 30 मीटरच्या आत हवे.

120 मीटरची शेड घ्या. ब्रेसिंग मध्यात असेल, तर 40 अंशांच्या फरकाने प्रत्येक टोक 29 मिलिमीटर सरकते. तेच ब्रेसिंग दोन्ही टोकांना घट्ट बसवले, तर वाढ कोंडते. पूर्ण कोंडलेल्या पोलादात 96 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण येतो. 2,000 चौरस मिलिमीटर छेदाच्या ईव्ह स्ट्रटवर तो जवळजवळ साडेएकोणीस टनांचा दाब झाला. ब्रेसिंग आणि जोड थोडे दबतात, म्हणून प्रत्यक्षात दाब काहीसा कमी भरेल. पण सडपातळ स्ट्रट वाकायला तेवढाही पुरतो.

टोकाला ब्रेसिंग घेण्यामागे कारणे आहेत. गेबलवरचा वारा तिथेच जमिनीत उतरतो आणि इरेक्शनची सुरुवातही टोकाकडून करणे सोयीचे असते. दोन्हींवर उपाय आहे. छताचे ब्रेसिंग टोकाला ठेवा, उभे मध्यात न्या आणि वाऱ्याचे बल तिथवर नेणारा ईव्ह स्ट्रट दाबासाठी तपासा. इरेक्शन मधल्या बेपासून सुरू करा. टोकाकडूनच करायचे असेल, तर तिथले तात्पुरते ब्रेसिंग काम संपताच काढा. सरकायला वाव म्हणून ठेवलेल्या लांबट भोकांतले बोल्ट करकचून आवळले तर भोके लांबट असून उपयोग नाही, हे फिटरला साइटवर समजावून सांगा.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. प्रत्येक ड्रॉइंगच्या सर्वसाधारण टिपांमध्ये दोन ओळी वाढवा: डिझाइनसाठी धरलेला तापमानातला फरक आणि इरेक्शनच्या वेळी अपेक्षित तापमान. मे महिन्यात जोडलेली शेड डिसेंबरात आक्रसणार आणि डिसेंबरात जोडलेली मे महिन्यात फुगणार. हे आकडे कागदावर असतील, तर तपासणारा त्यावर प्रश्न विचारेल आणि ब्रेसिंगची जागा शेड उभी राहण्याआधीच सुधारता येईल.