‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्यांना आमचा सवाल

बालरोग विभागात पोस्टिंग लागली की विद्यार्थ्याला पहिला सल्ला मिळतो : मन घट्ट कर. लेकरू दगावलं म्हणून रडू येत असेल तर डॉक्टरकी तुझं काम नाही. आमच्या समाजातल्या पोरीला हाच सल्ला मिळतो तेव्हा त्याला शेपूट जोडलेलं असतं, ‘कोट्यातून आलं की असंच होतं.’ हा सल्ला आम्हाला मुळातच मान्य नाही.

नागपूरच्या बालरुग्ण वॉर्डात काय दिसतं? सिकलसेलचं लेकरू येतं. हाडं ठणकतात, ते रात्रभर किंचाळतं. विदर्भात हा आजार बौद्ध आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलवरची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली ती १९५८ साली! आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका, हे आमच्या विद्यार्थिनीने पुस्तकात वाचलेलं असतं. खाटेशेजारची माय तिच्या मावशीच्या बोलीत विचारते, “बाई, हे मले आधी कोणी काऊन नाही सांगितलं?” त्यावर तिला येणारा राग हा कच्चेपणा नाही. ते निदान आहे, फक्त रुग्णाचं नव्हे तर व्यवस्थेचं.

चढही असतातच. तीन दिवस सलाइनवर पडलेलं पोर चौथ्या दिवशी उठून डब्यातली पोळी मागतं, तेव्हा ३६ तासांच्या ड्युटीचा शीण उतरतो.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपुरात आणली गेली. ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. औषध बनलं तामिळनाडूत, तपासणी कोणी नीट केली नाही, आणि लेकरांनी डोळे मिटले ते इथल्या डॉक्टरांसमोर. अशा वेळी मन कोणी घट्ट करायचं? कारखानदाराने, औषध निरीक्षकाने, की रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने?

डॉ. पायल तडवी बालरोग विभागात नव्हती, स्त्रीरोगात होती. २२ मे २०१९ ला ती गेली. जातीय छळाच्या आरोपावरून तीन वरिष्ठ डॉक्टरांविरुद्ध खटला उभा राहिला. तिची आई आबेदा तडवी रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात गेली. मनाने कमकुवत होती, असं तिच्याबद्दलही बोलून झालं. छळ करणाऱ्याचं मन तपासायला मात्र कोणी समुपदेशक नेमत नाही.

समुपदेशक नेमा, ध्यानाचे वर्ग घ्या, बुद्धाच्या लेकरांना ध्यानाचं वावडं नाही. पण वॉर्डात माणसं वाढवा. मूल दगावलं की दुसऱ्या दिवशी त्या तुकडीला एकत्र बसवून बोलू द्या, आणि त्या बोलण्याचे गुण कापू नका. एससी-एसटी कक्षात कोण बसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला नावानिशी माहीत असू द्या.

थोडं आपल्या घरातही बघू. सोयरीक जुळवताना पगार विचारतात, प्लॉट विचारतात, सिकलचा रिपोर्ट कोणी मागत नाही. बोटातल्या थेंबभर रक्तावर प्राथमिक चाचणी होते, पक्कं निदान पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी या चाचणीचं टेबल मांडायला किती मंडळं तयार आहेत? आमचे मेडिकलचे विद्यार्थी बसायला तयार आहेत.