आंकडा कोणाचें वय सांगतो?

जुन्या पोथीच्या अखेरीस पुष्पिकेंत लेखनाचा शक दिलेला आढळतो. परंतु तो डोळे मिटून प्रमाण मानूं नये, हें संशोधकांस ठाऊक आहे. नक्कल करणारा लेखनिक कित्येकदां मूळ पोथीचा शकही जसाच्या तसा उतरून घेतो, आणि कालची प्रत दोनशें वर्षांची भासूं लागते. लोखंडी यंत्रांच्या बाबतींतही असाच चकवा संभवतो. अमेरिकेंत जुने शेतकी ट्रॅक्टर हौसेनें विकत घेऊन चालते करणारी मंडळी पुष्कळ आहेत. यंत्र कोणत्या सालचें, यावर त्याचें मोल ठरतें व सुटे भागही त्याच अनुरोधानें मागवावे लागतात. तेव्हां हा प्रश्न केवळ पंडिती नव्हे.

उदाहरणार्थ फोर्ड कंपनीचे ‘एन’ जातीचे ट्रॅक्टर घेऊं. हेन्री फोर्ड व आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन यांनीं १९३८ सालीं लेखी कागद न करतां, केवळ हातांत हात देऊन करार केला, आणि १९३९ च्या जूनमध्यें ‘९एन’ बाहेर पडला. नांवांतील ९ हा त्या सालाचा शेवटचा अंक होय. युद्धकाळीं, १९४२ सालीं, ‘२एन’ आला. पुढें १९४६ च्या अखेरीस ही भागीदारी तुटली व १९४७ च्या जुलैंत फोर्डनें एकट्यानें ‘८एन’ काढला. फर्ग्युसननें दावा लावला. तो १९५२ सालीं ९२ लक्ष ५० हजार डॉलरांवर मिटला. शब्दावर विसंबणें किती महाग पडतें पाहा!

अनुक्रमांक शोधावयाचा तो इंजिनच्या ब्लॉकवर, चालकाच्या डाव्या हातास, हेडच्या किंचित् खालीं. रंगाचे थर व तेलाचा चिकटा हलक्या हातानें काढावा. कानशीनें घासूं नये, अंकच नाहीसे व्हावयाचे. ओळीच्या दोन्ही टोकांस तारा कोरलेला दिसतो. ‘८एन’चा क्रम १ पासून नव्यानें सुरू झाला. १९४८ ची सुरुवात ३७९०८ ला, १९४९ ची १४१३७० ला, १९५० ची २४५६३७ ला, १९५१ ची ३४३५९३ ला व १९५२ ची ४४२०३५ ला होते. म्हणजे २००००० हा आंकडा १९४९ मधील ठरला. ‘२एन’ची गोष्ट मात्र विलक्षण आहे. त्याचा क्रम ९९००३ पासून पुढें चालला, तरी ब्लॉकवर ‘९एन’ हींच अक्षरें ठोकीत राहिले. सबब ‘२एन’ अशीं अक्षरें कोरलेला आंकडा कोणी दाखविल्यास प्रथम शंका घ्यावी.

येथवर गणित सोपें आहे. अडचण ही कीं, आंकडा ब्लॉकवर आहे, ट्रॅक्टरवर नव्हे. सत्तर-ऐंशीं वर्षांच्या राबणुकींत इंजिन फुटलें, झिजलें कीं शेतकऱ्यानें दुसऱ्या यंत्राचें आणून बसविलें. त्यानें इतिहास लिहावयाचा नव्हता, नांगरणी उरकावयाची होती. बदली म्हणून मिळालेले कांहीं ब्लॉक तर कोरेच असत. म्हणून इतर अवयवांची साक्ष काढावी. ‘९एन’ व ‘२एन’ यांस पुढें जाण्याचे तीन गिअर, ‘८एन’ला चार. पूर्वीच्या दोहोंत एक ब्रेक डाव्या पायाशीं व एक उजव्या पायाशीं. ‘८एन’मध्यें दोन्ही उजवीकडे. ‘८एन’चा डिस्ट्रिब्युटर आधीं इंजिनच्या पुढच्या तोंडाशीं असे, तो १९५० सालीं २६३८४४ ह्या क्रमांकापासून बाजूस आला.

समजा, ब्लॉकवर ‘९एन’ आहे, पण गिअर चार व दोन्ही ब्रेक उजवीकडे आहेत. विकणारा १९४१ साल सांगेल, आणि त्याचा आंकडा खोटाही नसेल. मात्र तें वय इंजिनचें, सांगाडा १९४७ च्या आधींचा नव्हे. अशा वेळीं टिपणवहींत एकच साल न लिहितां इंजिन व सांगाडा यांच्या दोन नोंदी कराव्या. ब्लॉक कोरा असल्यास ‘८एन’ला १९४७ ते १९५२ एवढीच मर्यादा घालतां येते, डिस्ट्रिब्युटर पाहून इंजिनापुरती ती आणखी थोडी आंखडतां येईल, इतकेंच.