फसवणुकीचा आरोप आणि आपला बचाव

एखाद्या औषधनिर्मात्या बांधवावर फसवणुकीचा अथवा भेसळीचा गुन्हा दाखल झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले की आपल्यात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग म्हणतो, हे आयुर्वेदाविरुद्धचे कारस्थान आहे. दुसरा वर्ग त्या बांधवाचा दूरध्वनी घेणे बंद करतो. आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच निरुपयोगी आहेत. न्यायालयापुढे आयुर्वेदाचा खटला चालत नसतो. तेथे एका विशिष्ट बॅचच्या एका बाटलीचा, एका देयकाचा किंवा एका ठेवपावतीचा खटला चालतो आणि त्याचे उत्तर कागदानेच द्यावे लागते. हे कागद आरोपानंतर तयार करता येत नाहीत. तसा प्रयत्न केल्यास तो दुसरा गुन्हा ठरतो.

प्रथम फसवणूक म्हणजे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. भारतीय दंड संहितेचे ४२० हे कलम आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये आले असून १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना ते लागू आहे. शिक्षेची कमाल मर्यादा पूर्वीप्रमाणेच सात वर्षे आहे. या गुन्ह्याचा गाभा आहे तो आरंभीच असलेला अप्रामाणिक हेतू. हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की वचन देतेवेळीच ते न पाळण्याचा हेतू असला पाहिजे. पुढे वचन मोडले एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. एखाद्या वितरकाकडून आगाऊ रक्कम घेतली आणि त्या वर्षी वनौषधींची आवक न झाल्याने माल देता आला नाही, तर तो दिवाणी वाद आहे. पण या शतकाच्या पहिल्या दशकात सफेद मुसळीचे बेणे पुनर्खरेदीच्या आश्वासनावर अवाच्या सवा भावाने शेतकऱ्यांच्या माथी मारण्याचे जे प्रकार झाले, तेथे पुनर्खरेदीची कोणतीही व्यवस्था मुळात नसेल, तर ती फसवणूकच होय. या दोहोंतील भेद दाखविणारी गोष्ट म्हणजे त्या वेळचा पत्रव्यवहार, मागणीपत्रे आणि बँकेतील नोंदी. तोंडी व्यवहार करणाऱ्या सज्जनापाशी यांतले काहीच नसते आणि म्हणून तो लबाडाच्याच रांगेत उभा राहतो.

हाच भेद आपल्या शास्त्रालाही परिचित आहे. अष्टवर्गातील द्रव्ये दुर्मिळ झाली तेव्हा भावप्रकाशकारांनी मेदा-महामेदांच्या जागी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलींच्या जागी अश्वगंधा, जीवक-ऋषभकांच्या जागी विदारी आणि ऋद्धि-वृद्धींच्या जागी वाराही घेण्यास सांगितले. हे प्रतिनिधी द्रव्य उघडपणे सांगितलेले आहे, त्यात लपवाछपवी नाही. परंतु औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३३ईईए नुसार एखाद्या औषधाच्या जागी पूर्णतः वा अंशतः दुसरे द्रव्य घातले असल्यास ते बनावट औषध ठरू शकते. मग च्यवनप्राशात मेदेऐवजी शतावरी घालणारा निर्माता गुन्हेगार आहे काय? उत्तर वेष्टनावर आहे. नियम १६१ नुसार घटकद्रव्यांची खरी यादी, वनस्पतींच्या शास्त्रीय नावांसह व वापरलेल्या अंगासह, छापावी लागते. तेथे शतावरी छापली असेल, तर ग्रंथाधार देऊन बचाव करता येतो. वेष्टनावर मेदा आणि कढईत शतावरी असेल, तर भावप्रकाश उद्धृत करून सुटका होणार नाही. अशोकाच्या सालीच्या नावाखाली बाजारात रस्त्याकडेच्या सरळसोट ‘अशोका’ची साल येते, हे आपण सारे जाणतो. साल खरेदी करताना तिची परीक्षा केल्याची नोंद ज्याच्यापाशी आहे, तो निदान ‘मीच फसविला गेलो’ असे म्हणू शकतो.

आता आम्ही ज्या मुद्द्यावर विशेष भर देऊ इच्छितो, तो नमुन्याचा. औषध निरीक्षक नमुना घेण्यास येतो तेव्हा बहुतेक औषधालयांत घबराट उडते आणि समोर येईल त्या कागदावर सही केली जाते. वास्तविक कायद्याच्या कलम २३ मध्ये या प्रक्रियेची बारकाईने आखणी केलेली आहे आणि कलम ३३एच मुळे ती आयुर्वेदीय औषधांनाही लागू आहे. निरीक्षकाने लेखी सूचना द्यावयाची असते. नमुन्याचे आपल्यासमक्ष चार भाग करून, किंवा निर्मितीच्या जागी घेतला असल्यास तीन भाग करून, ते मोहोरबंद करावयाचे असतात. त्यावर आपलीही मोहोर लावण्याचा हक्क आपल्याला आहे. त्यांतील एक भाग आपल्याकडेच राहतो. हा भाग फडताळात कोठेतरी टाकून देण्याची वस्तू नाही. तो थंड व कोरड्या जागी, कुलपात, तारखेची चिठ्ठी लावून ठेवावा.

पुढे शासकीय विश्लेषकाचा अहवाल येतो. कलम २५(३) नुसार हा अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. मात्र प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत आपण निरीक्षकास, किंवा खटला चालू असल्यास न्यायालयास, त्याविरुद्ध पुरावा देण्याचा इरादा लेखी कळविला तर तसे होत नाही. या एका पत्रावर पुढचा सारा बचाव उभा असतो. हरियाणा राज्य विरुद्ध ब्रिजलाल मित्तल या १९९८ सालच्या प्रकरणात नमुन्याची मुदत संपल्याने फेरतपासणीचा हक्क हिरावला गेला, अशी तक्रार निर्मात्यांनी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही, कारण २८ दिवसांत त्यांनी काहीच कळविले नव्हते. याउलट मेडिकामेन बायोटेकच्या २००८ सालच्या प्रकरणात निर्मात्याने वेळेवर फेरतपासणी मागितली होती आणि औषधाची मुदत संपत आल्यावर फिर्याद दाखल झाल्याने तो हक्क निष्फळ ठरला होता. तेथे न्यायालयाने खटलाच रद्द केला. हे दोन्ही खटले आधुनिक औषधांचे होते, पण कलम तेच आहे. आपल्यापैकी कित्येकांना ही मुदत ठाऊकच नसते. अहवाल आला की ते ओळखीच्या अधिकाऱ्याच्या शोधात निघतात आणि त्यातच महिना निघून जातो.

ब्रिजलाल मित्तल निर्णयाचा दुसरा भागही आपल्या घरगुती औषधालयांना महत्त्वाचा आहे. कलम ३४ नुसार कंपनीने गुन्हा केल्यास तिचा कारभार पाहणारी व तिला जबाबदार असलेली व्यक्ती दोषी धरली जाते. भागीदारी संस्थाही या कलमात येते. परंतु केवळ संचालक म्हणून नाव आहे एवढ्यावरून कोणास आरोपी करता येत नाही, कारभारातील त्याचा सहभाग फिर्यादीत दाखवावा लागतो, असे न्यायालयाने त्याच प्रकरणात म्हटले. आपल्याकडे कराच्या सोयीसाठी वृद्ध मातोश्रींचे किंवा सूनबाईंचे नाव भागीदारीत घालण्याची रीत आहे. त्यांनी कधी कारखान्यात पाऊलही ठेवलेले नसते. कामाची वाटणी लेखी असावी आणि धनादेशावर, देयकांवर त्यांच्या सह्या नसाव्यात, एवढी काळजी घेतली तर त्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागण्याचा संभव पुष्कळ कमी होईल.

किरकोळ विक्रेत्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस परवाना लागत नाही, म्हणून खरेदीची बिले जपण्याची सवयही लागलेली नाही. पण माल कोणाकडून घेतला हे निरीक्षकास सांगणे कलम ३३केए अन्वये बंधनकारक आहे आणि बिलाशिवाय घेतलेल्या डब्यांबाबत ते सांगता येत नाही. वैद्यवर्गाला कलम ३३ईईसी मध्ये एक महत्त्वाची सवलत आहे: स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः तयार केलेल्या औषधास निर्मितीचा परवाना लागत नाही. तेच चूर्ण शेजारच्या दुकानात विक्रीस ठेवले, की ही सवलत संपते. चूर्णात काय आहे याविषयी रुग्णास खोटे सांगण्याची मुभा तर ती कधीच देत नाही.

आर्थिक गुन्हे शाखेची नोटीस आल्यास काय करावे, हाही प्रश्न वारंवार विचारला जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालील नोटीस म्हणजे अटक नव्हे. अर्णेश कुमार विरुद्ध बिहार राज्य (२०१४) या निर्णयानुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटकेची आवश्यकता पोलिसांनी नोंदवावी लागते. नोटिशीप्रमाणे हजर राहावे, कारण न राहणे हेच अटकेचे कारण होऊ शकते. जाण्यापूर्वी वकिलांचा सल्ला घ्यावा, कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात आणि पोच घ्यावी. स्वतःस गोवणारे उत्तर देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मुळे करता येत नाही. पोलिसांपुढील जबाबावर सही करावयाची नसते. मात्र जीएसटी अधिकाऱ्यांच्या समन्सची बाब वेगळी आहे, तेथे जबाबावर सही घेतली जाते आणि तो पुढे आपल्याविरुद्ध वापरला जातो. हा फरक न समजल्याने पुष्कळांचे नुकसान होते.

जीएसटीतील बनावट बिलांविषयी येथे एवढेच सांगतो, की मालाशिवाय बिल घेण्यास बचाव नाही. शास्त्रोक्त औषध की पेटंट औषध, यावरून २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी कराचा दर ५ की १२ टक्के हे ठरत असे. त्या जुन्या वर्षांचे वाद अजून निघू शकतात आणि तेथे आपण प्रामाणिक समजुतीने वर्गीकरण केले होते, हे त्या वेळच्या सल्ल्याच्या लेखी प्रतीवरून दाखविता आले, तर हेतुपुरस्सर चुकवेगिरीचा आरोप टिकणे कठीण.

काही औषधालये विस्तारासाठी वैद्यांकडून, विक्री प्रतिनिधींकडून, कधी रुग्णांकडूनही ‘निश्चित परतावा’ देऊ असे सांगून ठेवी घेतात. हे तत्काळ थांबवावे. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा आहे. त्याखाली ठेव थकली की राहत्या घरासह मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. शिवाय २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवरच बंदी घातली आहे.

राहिला प्रश्न संघटनेने कोणाच्या पाठीशी उभे राहावे हा. सांधेदुखीच्या वा दम्याच्या चूर्णात स्टेरॉइड मिसळणारे लोक आपल्या क्षेत्रात आहेत, हे कोणीही नाकारू नये. त्या रुग्णाला दोन दिवसांत गुण येतो, पुढे मधुमेह बळावतो, हाडे ठिसूळ होतात आणि औषध एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वैद्यांचे तीन प्रकार सांगताना छद्मचराला पहिले स्थान दिले; कौटिल्याने औषधांत सरूप द्रव्य मिसळणाऱ्यास १२ पणांचा दंड सांगितला. असा मनुष्य पकडला गेला असता त्याच्यासाठी मोर्चा काढणे म्हणजे प्रामाणिक वैद्याची पत त्याला उसनी देणे होय. त्यालाही वकील मिळावा, त्याचाही नमुना नियमानुसार तपासला जावा, हा त्याचा हक्क आम्ही मान्य करतो. त्याच्या औषधाची हमी मात्र संघटनेने देऊ नये.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही असा विचार ठेवू इच्छितो, की संघटनेने कायदेशीर साहाय्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा आणि त्यातून साहाय्य मिळण्याची पात्रता कागदांवर ठरवावी. ज्या सभासदाकडे बॅचनिहाय निर्मितीनोंदी, कच्च्या मालाची बिले व परीक्षणाच्या नोंदी आहेत, त्याचा अहवाल प्रतिकूल आल्यास २८ दिवसांच्या आत पत्र धाडण्यापासून फेरतपासणीच्या खर्चापर्यंतचा भार निधीने उचलावा. प्रत्येक जिल्हा शाखेने औषधविषयक कायदे जाणणाऱ्या एका वकिलाशी आधीच बोलणी करून ठेवावी. ज्यांना या नोंदी कशा ठेवाव्यात हे ठाऊक नाही, अशा लहान औषधालयांसाठी शाखांनी एक दिवसाचा वर्ग घ्यावा आणि त्यात नमुना घेण्याची प्रक्रिया प्रत्यक्ष करून दाखवावी. सभासदांनी आपली मते सभेपूर्वी लेखी कळवावीत, अशी विनंती आहे.