लक्षद्वीपचा दरवाजा कधी उघडायला हवा होता?

२०२२ च्या गुढीपाडव्याच्या दिवशी महाराष्ट्रातले कोरोनाचे उरलेसुरले निर्बंध उठले आणि दुसऱ्या दिवसापासून रोजे सुरू झाले. दोन रमजान घरातल्या घरात गेल्यावर त्या वर्षी मशिदींत तरावीहच्या सफा पुन्हा भरल्या आणि संध्याकाळी खजुरांच्या गाड्यांभोवती सगळ्याच धर्मांची माणसे दिसू लागली. मोकळेपणाच्या दिवसांत क्वारंटाइनचा विषय कुणाला नकोसा वाटेल. पण घाईत केलेले नियम निवांतपणी तपासावेत, म्हणजे पुढच्या वेळी तीच चूक होत नाही. त्यासाठी आपल्याच अरबी समुद्रातल्या एका लहानशा प्रदेशाची गोष्ट बघण्यासारखी आहे.

केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटरवर लक्षद्वीपची ३६ बेटे आहेत. वस्ती दहा बेटांवर, एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. यातले सुमारे ९६ टक्के लोक मुसलमान, आणि जवळजवळ सगळे अनुसूचित जमातींत मोडणारे. बोली मलयाळमची, मिनिकॉयवर मात्र महल. आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच हे लोक शाफई पंथाचे आणि दर्यावर जगणारे. मासे आणि नारळ सोडले तर तांदूळ, भाजी, औषध, सिमेंट असे सगळे कोचीसारख्या बंदरांतून बोटीने येते. प्रवास चौदा ते वीस तासांचा. विमानतळ एकच, अगत्ती बेटावर. कवरत्ती आणि अगत्तीला रुग्णालये आहेत, पण दुखणे गंभीर झाले की रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवण्यावाचून गत्यंतर नसते.

अशा ठिकाणी साथ शिरली तर काय होईल, हे तिथल्या लोकांना कुणी शिकवावे लागले नाही. मार्च २०२० मध्येच पर्यटकांना प्रवेश बंद झाला. बाहेरच्या माणसाला या बेटांवर जायला परवाना लागतो, हा नियम १९६७ पासूनचाच. त्यामुळे दरवाजा आधीपासून होता, फक्त कडी लावायची होती. आपल्या माणसांसाठी नियम असा ठरला की बेटावर परतणाऱ्या प्रत्येकाने कोचीत सात दिवस संस्थात्मक विलगीकरणात राहायचे, चाचणी निगेटिव्ह आली तरच बोटीत बसायचे आणि घरी पोहोचल्यावर पुन्हा काही दिवस वेगळे राहायचे. विद्यार्थी असो, अधिकारी असो की खासदार, सवलत कुणालाच नव्हती.

परिणाम सगळ्या देशाने पाहिला. २०२० सालच्या डिसेंबरपर्यंत भारतात एक कोटीवर लोकांना लागण झाली आणि लक्षद्वीपमध्ये एकालाही नाही. सप्टेंबरमध्ये तिथल्या शाळा भरल्या, तेव्हा आपली मुले मोबाइलच्या पडद्यावर धडे गिरवत होती.

मग डिसेंबरमध्ये दोन गोष्टी घडल्या. प्रशासक दिनेश्वर शर्मा यांचे ४ डिसेंबरला निधन झाले आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीवचे प्रशासक प्रफुल्ल खोडा पटेल यांच्याकडे लक्षद्वीपचा अतिरिक्त कार्यभार आला. महिना संपता संपता प्रवासाची नवी नियमावली निघाली. कोचीतले सात दिवस गेले. प्रवासाआधीच्या ४८ तासांतला आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल पुरेसा ठरला. १८ जानेवारी २०२१ रोजी बेटांवरचा पहिला रुग्ण सापडला. कोचीहून बोटीने कवरत्तीला आलेला प्रवासी. मेअखेरपर्यंत रुग्णसंख्या सात हजारांवर गेली. आजवरचा आकडा अकरा हजारांहून जास्त आहे आणि मृत्यू ५२.

आता प्रश्न असा की चाचणी सक्तीची असतानाही विषाणू शिरला कसा? उत्तर चाचणीच्या स्वभावातच आहे. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात, कधी दोन, कधी चौदा. पहिल्या एक-दोन दिवसांत घशात विषाणू इतका कमी असतो की उत्तम प्रयोगशाळेतही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. सोमवारी लागण झालेल्या माणसाने मंगळवारी चाचणी केली, बुधवारी अहवाल घेतला आणि गुरुवारी बोटीत बसला, तर त्याचा अहवाल खरा असतो आणि तो माणूस तरीही विषाणू घेऊन जात असतो. त्यात बोटीचा प्रवास म्हणजे शेकडो माणसे, एकावर एक बाक आणि बंद हवा, रात्रभर. चाचणी त्या क्षणाचा फोटो देते. मधल्या दिवसांत काय घडते ते कळायला सात दिवस थांबावेच लागते. म्हणून जुन्या नियमातले सात दिवस आणि चाचणी ही एकच गोष्ट होती. त्यातले दिवस काढून टाकल्यावर उरलेली चाचणी अर्धी झाली असे नाही, ती जवळजवळ वेगळ्याच कामाची झाली.

या बदलाची दुसरी बाजूही ऐकायला हवी. कोचीत सात दिवस अडकणे कुणाला सोपे होते? उपचार करून परतणारा रुग्ण, बाळंतीण, हातावर पोट असलेला मजूर, या सर्वांना तो आठवडा जड जात होता. पर्यटन ठप्प होते. बाकीचा देश हळूहळू उघडत असताना चौसष्ट हजार माणसांना किती काळ कोंडून ठेवायचे, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. आपणही तो अनुभवला आहे. २०२० च्या गणेशोत्सवात मुंबईहून कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवसांचे विलगीकरण होते आणि १२ ऑगस्टनंतर येणाऱ्यांना चाचणीची अट. गणपती २२ तारखेला, सुट्टी चार दिवसांची आणि नियम दहा दिवसांचा! गावात शिरण्यावरून भावाभावांत वाद झाले, शाळांच्या वर्गखोल्यांत बिछाने पडले. गावची भीती खरी होती आणि चाकरमान्याची ओढही खरी होती.

कुठलाही तट कायमचा टिकत नाही, हेही मान्य करायला हवे. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी या देशाने जवळपास दोन वर्षे सीमा बंद ठेवल्या. २०२२ च्या जानेवारीत आपल्या नागरिकांना आणणारे पहिले विमान फिजीहून आले. प्रवाशांचे निघण्याआधी विलगीकरण झाले होते, चाचण्या झाल्या होत्या, तरी ५४ पैकी ३६ जण बाधित निघाले आणि साथ बेटावर पसरली. तिथे तेव्हा जेमतेम एकतृतीयांश लोकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. त्याच महासागरातल्या कुक आयलंड्सने मात्र पात्र लोकसंख्येपैकी जवळजवळ सर्वांना दोन डोस दिले आणि मगच २०२२ च्या जानेवारीत सीमा उघडली. रुग्ण तिथेही आले, पण लोक तयार होते.

याहून जुना धडा १९१८ चा आहे. इन्फ्लुएंझाच्या साथीत ऑकलंडहून निघालेली ‘तालुने’ नावाची बोट ७ नोव्हेंबरला पश्चिम सामोआच्या बंदराला लागली. आजारी माणसे बोटीवर असूनही न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांनी तिला विलगीकरणात ठेवले नाही. काही आठवड्यांत तिथली सुमारे एकपंचमांश लोकसंख्या दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बोटी अडवल्या आणि तिथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआच्या जनतेची माफी मागितली. मधे ८४ वर्षे गेली होती.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. बेटाचा दरवाजा बंद ठेवायचा तो वेळ मिळवण्यासाठी. मिळालेल्या वेळात काय करायचे ते ठरलेले असले पाहिजे. लक्षद्वीपच्या बाबतीत तारखाच बोलतात. भारतात लसीकरण सुरू झाले १६ जानेवारी २०२१ ला. बेटांवर पहिला रुग्ण सापडला १८ जानेवारीला. ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली १ एप्रिलला आणि १८ वर्षांवरील सर्वांना १ मेपासून. म्हणजे ज्या आठवड्यात लस दारात आली, त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी दाराची कडी काढली गेली. जुना नियम आणखी चार-पाच महिने राहता, तर दहा बेटांवरच्या वयस्क माणसांना साथीआधी लस देणे अवघड नव्हते. ६४ हजार म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढी वस्ती.

५२ मृत्यू हा आकडा अकरा हजार रुग्णांच्या मानाने कमी आहे, देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे आणि तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना त्याचे श्रेय द्यायला हवे. पण तुलना देशाच्या सरासरीशी करायची की त्याच बेटांच्या २०२० सालाशी? त्या सालचा आकडा शून्य होता.

आता मुद्दा निर्णय कोणी घ्यायचा, याचा. लक्षद्वीपला विधानसभा नाही. तेव्हा लोकसभेत एक खासदार, एक जिल्हा पंचायत आणि बेटांच्या द्वीप पंचायती, एवढेच लोकांचे प्रतिनिधित्व होते. नियमावली काढण्याचा अधिकार प्रशासकाचा. तेव्हाचे खासदार मोहम्मद फैजल आणि बेटवासीयांनी बदलाला आक्षेप घेतला, पण तो बदल झाल्यानंतर. हा सल सुकला नव्हता तोच २०२१ च्या मे महिन्यात जमीन, गोवंश आणि ‘गुंडा कायद्या’संबंधीच्या मसुद्यांवरून असंतोष उसळला. त्याच सुमारास गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरने हलवायला समितीची मंजुरी लागेल, असा आदेश निघाला आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयापुढे गेले. चित्रपट क्षेत्रातल्या आयशा सुलताना यांनी टीव्हीवरच्या चर्चेत साथीच्या प्रसाराबद्दल प्रशासनावर जहाल शब्दांत आरोप केला, तर थेट राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. त्यांना उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन दिला. त्यांचे शब्द कुणाला पटोत न पटोत, आरोग्याच्या नियमावरची चर्चा पोलीस ठाण्यात पोहोचते, तेव्हा त्या नियमावरचा लोकांचा विश्वास आधीच उडालेला असतो.

इथे इस्लामी इतिहासातला एक प्रसंग आठवतो. इसवी सन ६३९ च्या सुमारास हजरत उमर शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना प्लेगची बातमी मिळाली. त्यांनी लगेच हुकूम काढला नाही. आधी मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना. दोन्हीकडे मतभेद होते. मग कुरैशांतल्या ज्येष्ठांना विचारले आणि परत फिरण्याचे ठरवले. सेनापती अबू उबैदा यांनी तोंडावर जाब विचारला की, हे तकदीरपासून पळणे नव्हे काय? त्यांना उत्तर मिळाले, शिक्षा नाही. साथीच्या गावात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण तिथेच अब्दुर्रहमान बिन औफ यांनी सांगितली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधी तीन वेळा झालेली मसलत मात्र आपण विसरतो.

पुढची साथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. पण दूरच्या वस्तीसाठी, मग ते बेट असो की सह्याद्रीतला पाडा, नियम आधी लिहून ठेवता येतो. दरवाजा कोणत्या अटीवर बंद होईल आणि कोणत्या अटीवर उघडेल, हे त्यात असावे. अट लसीकरणाची किंवा रुग्णशय्यांची असावी, अधिकाऱ्याच्या बदलीची नसावी. विलगीकरणाच्या दिवसांचा खर्च आणि बुडालेली मजुरी सरकारने द्यावी, म्हणजे गरिबाला नियम मोडावासा वाटणार नाही. आणि नियम बदलण्याआधी तिथल्या पंचायतीला विचारणे बंधनकारक असावे. कवरत्तीच्या माणसाला हे हवे आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आपल्याच गावच्या वेशीवर उभ्या राहिलेल्या चाकरमान्यालाही याहून वेगळे काही नको होते.