स्प्रिंग बसली, गोळी सुटली

हृदयात स्प्रिंग टाकून आलेला माणूस आता नांदगाव तालुक्यात नवलाचा राहिला नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला अमरावती जिल्हा होता. (२०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे.) हातमजुरी करणाऱ्याची अँजिओप्लास्टी बिनपैशाने होऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण महिना-दोन महिने गेले की घराघरांत एकच बोलणे. "आता बरं वाटते, मंग गोळ्या कायले?"

स्प्रिंग एक बुजलेली जागा उघडते. रक्तवाहिन्यांचा रोग अंगात राहतोच. स्प्रिंग नवी असताना ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल मनानेच बंद केल्या, तर तिच्यातच रक्ताची गुठळी होऊ शकते आणि माणूस हातचा जाऊ शकतो. बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन अंगाला काही जाणवत नाही, म्हणून तीच आधी सुटते!

दोष एकट्या रुग्णाला देणे मला पटत नाही. सुट्टीचा कागद इंग्रजीत, समजावणाऱ्याला सवड नाही, आणि अमरावतीला जायचे म्हणजे रोजी बुडते. मात्र १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सूनबाईला सोबत न्या. कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून तिने मराठीत लिहून घ्यावे. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच तो कागद घेऊन निघावे.